रुसकी पट्टी

१२ जानेवारी, सोमवार

प्रिय ताई,

तू म्हणालीस, "फोनवर तू ओरडतोस. मला वॉर्डात उभं राहून तुझं ओरडणं ऐकता येत नाही. काय ते लिहून पाठव, कागदावर ओरडता येत नाही." बघू. येतं की नाही ते वाचून तूच सांग.

मी बरा आहे. खोली बरी आहे. खिडकी एकच, आणि ती दिवसभर समोरच्या भिंतीचं तोंड बघत बसते. खोकला गेला. आईला सांग, स्वेटर घालतो. (घालत नाही, पण सांग.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून पायऱ्यांना शिव्या देतात का?

मोटारी बांधायच्या वर्कशॉपमध्ये लागून दोन महिने झाले. जळलेल्या पंपाची मोटर येते, तिच्यातली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची गुंडाळायची. वेढे मोजताना कोणी हाक मारली की पहिल्यापासून मोजायचे. मिस्त्री तोंडाचा तिखट आहे, पण हात धरून शिकवतो. माझ्या रागाचं त्याला काहीच वाटत नाही. म्हणतो, "तू तापलास तर मी तार गुंडाळून तुझ्यावर चहा ठेवीन."

आता मुख्य. मी कॉलेज सोडलं ते 'मन लागत नव्हतं' म्हणून नाही. तुम्हा सगळ्यांना तसं सांगितलं, कारण ते सांगायला सोपं होतं. मन लागत नव्हतं कसलं, नको तितकं लागलं होतं.

आमच्या मजल्याच्या टोकाला सरांची संशोधनाची लॅब होती. दुसऱ्या वर्षाच्या पोरांचं तिथे काही काम नसतं. मी एकदा एक बीकर मागायला गेलो आणि चौदा महिने तिथेच राहिलो. तिथे एक सीनियर मुलगी पीएच.डी. करत होती. ती आणि मी एका टेबलावर काम करायचो. काम म्हणजे जेलचं. बाळाच्या लंगोटात जी भुकटी पाणी पिऊन फुगते ना, तिच्या चुलत बहिणीसारखं समज. सगळं मिश्रण ढवळायचं, साच्यात ओतायचं, गरम करायचं की ते थिजतं: पारदर्शक आणि थरथरतं. त्याची आगकाडीएवढी पट्टी कापायची, क्षाराच्या पाण्यात दोन पत्र्यांच्या मध्ये टांगायची आणि पत्र्यांना एक लाल, एक काळी अशा क्लिपा लावून करंट द्यायचा. पट्टी वाकते. मोटर नाही, स्प्रिंग नाही, कोणी हात लावलेला नाही, आणि ती हळूच वाकते. हाक मारल्यावर माणूस मान वळवतो तशी. आत काय होतं तर एका अंगाने ती पाणी पिते, दुसऱ्या अंगाने सोडते, आणि त्या फरकाने झुकते. हे पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी मी जेवायचं विसरलो होतो. मी, ताई. जेवायचं.

या जातीचं जेल काळ्या क्लिपेकडे वाकतं, म्हणजे वजा बाजूला. पुस्तकात तसंच आहे आणि आमच्या पहिल्या सोळा घाण्यांनीही तेच केलं. (हो, आम्ही घाणाच म्हणायचो. ती म्हणायची, "आपण काय वेगळं करतोय, तळणच आहे हे.") सतरावा घाणा मी केला. मी, एकट्याने. ती त्या दिवशी रजेवर होती. सांधे जोडणारं रसायन मी दुप्पट घातलं. कोणाला विचारलं नाही. त्याच आठवड्यात लॅबमधला पॉवर सप्लाय, म्हणजे क्लिपांना करंट देणारं खोकं, बंद पडला होता, तोही मीच उघडून दुरुस्त केला, नाहीतर सतरावा घाणा चालवणार कशावर? आणि पट्टी लाल क्लिपेकडे वळली. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा लाल. मी व्हरांड्यात जाऊन असा ओरडलो की शेजारच्या लॅबवाल्यांना वाटलं आग लागली.

दुसऱ्या दिवशी तिला दाखवलं. तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "अरे, ही तर रुसली!" जिकडे बघायचं तिकडे पाठ करते म्हणून. तेव्हापासून त्या पट्टीचं नाव रुसकी. साधी आणि रुसकी शेजारी लावली तर एकाच करंटवर दोघी एकमेकींकडे वळतील आणि त्यांचा मऊ चिमटा होईल, कसलंही नाजूक उचलायला. आम्ही किती काय काय ठरवलं होतं.

लॅबची वही असते. रीत अशी की करणाऱ्याने लिहायचं आणि बघणाऱ्याने खाली 'साक्षीदार' म्हणून सही करायची. माझं अक्षर तुला माहीत आहे. ती म्हणायची, "हे अक्षर आहे की दौतीत पडून वाचलेली मुंगी?" म्हणून लिहायची ती, सही करायचो मी. प्रयोग कोणाचाही असो. पान एकसष्टवर सतरावा घाणा आहे, तिच्या सुंदर अक्षरात. खाली मी, साक्षीदार.

पुढचं कळलं असेलच तुला. शोधनिबंध छापून आला. नावं दोन: सर आणि ती. शेवटी बारीक टायपात आभार होते. त्यात लॅबच्या शिपाईकाकांचे आभार आहेत, पाणी शुद्ध करायचं यंत्र दुरुस्त करणाऱ्यांचेही आहेत. मी तिथेही नाही.

मी सरांच्या खोलीत गेलो. ती तिथेच बसली होती. मी म्हटलं, "सतरावा घाणा कोणी केला ते हिला विचारा." सरांनी वही पुढे केली. म्हणाले, "इथे तर तू साक्षीदार आहेस." मी तिच्याकडे बघितलं. ती वहीकडे बघत होती. आणि म्हणाली, "ते मला मदत करायचे, सर."

'ते', ताई. चौदा महिने 'अरे', 'ए', 'गाढवा', आणि त्या खोलीत मी एकदम 'ते' झालो. कोणी तोंडावर थुंकलं असतं तर इतकं लागलं नसतं. मी सरांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलला. फेकला नाही. म्हणजे फेकला, पण भिंतीवर. सर म्हणाले, लेखी माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. मी त्याच दिवसापासून गेलो नाही. परीक्षेचा अर्जही भरला नाही.

हे सगळं आज लिहितोय कारण सरांकडून एक कागद आलाय. 'या कामात माझा कसलाही वाटा नाही व त्यावर माझा हक्क नाही' असं त्यावर छापलंय आणि खाली माझी सही हवी आहे. तिच्या प्रबंधासाठी. अठरा फेब्रुवारीला मोठी परिषद आहे. तिथे ती सगळ्यांसमोर रुसकी चालवून दाखवणार, परीक्षकही तिथेच असणार, त्याआधी कागद हवाय. या महिन्याअखेर.

सही करणार नाही. मेलो तरी नाही. आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझा
बारक्या

ता.क. कागदावर ओरडता येतं, बघ.


१ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं पत्र आणि त्यातल्या दोन ओळी स्वेटरबद्दल. तू नर्स आहेस म्हणून ठीक आहे, डॉक्टर असतीस तर तुझी चिठ्ठी कुठल्याच औषधवाल्याला वाचता आली नसती.

तू विचारलंस, "चौदा महिने कोणी जेल बघायला जात नाही. ही पट्टीवाली कोण?" पट्टीवाली! मला इतक्या दिवसांनी हसू आलं. मिस्त्री म्हणाला, "काय रे, कोणाची मोटर सुरू झाली?"

बरं, ऐक. होतं. आहे की नाही ते विचारू नकोस. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे, हे तू विचारायच्या आधीच सांगून टाकतो. हसताना ती तोंडावर हात न ठेवता कपाळावर ठेवते, काहीतरी विसरल्यासारखी. हिवाळ्यात ओव्हनच्या पत्र्याला हात टेकून उभी राहायची आणि मला वाचून दाखवायला सांगायची, कारण तिचे हात गारठलेले असायचे. एकदा वहीवर डोकं टेकून तिला झोप लागली. सप्लायचं बटण दाबलं की टक् आवाज होतो, म्हणून मी चाळीस मिनिटं बटण दाबलंच नाही. पट्टी पाण्यात लोंबकळत राहिली आणि मीही.

मी विचारलं होतं तिला. सरळ विचारलं, तुझा भाऊ आहे मी. ती म्हणाली, "आधी ही रुसकी शंभर वेळा न तुटता वाकू दे, मग बघू." मी वेडा, मोजत बसलो. एकशेबारा वेळा वाकली. तिने काही म्हटलं नाही आणि मीही आठवण केली नाही. म्हटलं, निबंध छापून येऊ दे, मग बोलेल. निबंध आला. बोलली ती. काय बोलली ते मागच्या पत्रात आहेच.

इकडची गंमत सांगतो. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरचा बॅटरीचा चार्जर आला होता, पुढची सॉकेटं सैल झाली होती. मी आतून नवीन सोल्डर मारून दिला, टापटीप. दुसऱ्या दिवशी तो म्हातारा ड्रायव्हर बॅटरी आणि चार्जर दोन्ही हातांत घेऊन दारात हजर. बॅटरी फुगलेली, वास मारत होती. मिस्त्रीने विचारलं, "कोणी जोडला?" मी म्हटलं, "मी." त्याने मीटर लावला. आकड्याच्या आधी वजाची रेघ. लाल सॉकेटात वजा, काळ्यात अधिक.

"पॅनेल पालथं घालून जोडलंस ना?"

"हो."

"अरे शहाण्या, पालथं घातलं की डावं उजवीकडे जातं. मागून बघतोयस तू. कॉलेजात हे शिकवलं नाही?"

"कॉलेज अर्धंच झालं."

"मग उजवा अर्धा राहिला वाटतं!"

सगळं वर्कशॉप हसलं. तो म्हातारा पण हसला, त्याची बॅटरी गेली तरी. मिस्त्रीने त्याला दुसरी दिली आणि मला आठवडाभर फक्त झाडायला लावलं. माझी तक्रार नाही.

बाकी विशेष नाही. हो, तो सरांचा कागद. मी सही करून पाठवून दिला. गेल्या गुरुवारी. तू म्हणशील, मेलो तरी नाही म्हणाला होतास. म्हणालो होतो. पण विचार केला, काय करायचंय भांडून? तिची इतक्या वर्षांची मेहनत आहे, प्रबंध आहे. माझं काय, मी आता मोटारी बांधतो. होऊ दे तिचं चांगलं. मी खाली माझ्या हाताने एक ओळ पण लिहिली, की पान एकसष्टवरचा प्रयोग मी स्वतः पाहिला आहे आणि निकाल बरोबर आहे. म्हणजे कोणी शंका काढायला नको.

मला आता शांत वाटतंय. भाऊजींना नमस्कार. स्वेटर खरंच घालतोय.

तुझा
बारक्या


१५ फेब्रुवारी, रविवार

ताई,

तुझं पत्र आलं. या वेळी दोन पानं. तू लिहिलंस की माझं पत्र भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवलंस. 'आपला बारक्या मोठ्या मनाचा झाला' असं ते म्हणाले. आई रडली (तिला सांगू नकोस म्हटलं होतं ना?), आणि तुलाही ड्यूटीवर जाताना बसमध्ये भरून आलं.

ते पत्र फाड. फाडच.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, हे दुसऱ्या कोणाला लिहिलंय, पाकिटावर चुकून माझा पत्ता पडलाय. मी तुला खोटं काही लिहिलं नव्हतं. फक्त एक गोष्ट गाळली होती, आणि ती गाळल्यामुळे बाकीचं सगळं खोटं झालं.

चार्जरची गंमत लिहिली होती ना? तो प्रकार मंगळवारी झाला. सही मी गुरुवारी केली. मधले दोन दिवस मी तुला लिहिले नाहीत.

मिस्त्री म्हणाला "मागून बघतोयस तू" आणि सगळे हसत होते, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच पॅनेल आलं. लॅबमधला तो सप्लाय. त्याचीही पुढची सॉकेटंच सैल झाली होती. तोही मी पालथा घातला होता, पॅनेलला चरे पडू नयेत म्हणून तिच्या निळ्या मफलरवर. मी डाव्याला डावी तार लावली, उजव्याला उजवी. मला अजून तो मफलर आठवतो, त्याचं एक टोक उसवलेलं होतं. तारा कोणत्या रंगाच्या होत्या ते आठवत नाही. कारण मी तारा बघतच नव्हतो, ताई. मी मफलर बघत होतो.

सोळा घाणे त्याआधीचे. सतरावा त्यानंतरचा. मग अठरावा, एकोणिसावा, सगळे त्याच सप्लायवर, कारण टेबलावर दुसरा नव्हताच. साध्या जेलचा घाणा परत करून चिमटा बनवायचं आमचं नेहमी उद्यावर जात होतं. म्हणजे रुसकी कधी रुसलीच नव्हती. ती बिचारी सोळा बहिणींसारखीच वजा बाजूला वाकत होती, आणि त्या वजाच्या डोक्यावर मी लाल टोपी बसवली होती.

पुरावाही डोळ्यांसमोर होता. पाण्यातून करंट गेला की दोन्ही पत्र्यांवर बुडबुडे येतात, आणि वजा पत्र्यावर दुप्पट येतात. हे शाळेत शिकवतात. रुसकी ज्या पत्र्याकडे वाकायची तो पत्रा बुडबुड्यांनी सोड्याच्या बाटलीसारखा फसफसायचा. पान एकसष्टवर तिने लिहूनसुद्धा ठेवलंय: 'लाल बाजूस बुडबुडे अधिक.' तिने लिहिलं, मी सही केली, सरांनी वाचलं. तिघांपैकी एकालाही ते दिसलं नाही, कारण तिघांनाही रुसकी हवी होती.

तर मंगळवारी मला कळलं की माझं चोरलेलं धन म्हणजे मातीच आहे. आणि ती माती घेऊन ती अठरा तारखेला परीक्षकांसमोर उभी राहणार, परिषदेच्या हॉलमधल्या धडधाकट सप्लायवर पट्टी लावणार, आणि पट्टी सगळ्यांदेखत काळ्याकडे वाकणार.

मला काय वाटलं ते लिहितो. मला आनंद झाला. पोटातून आनंद झाला. दोन दिवस मी झाडू मारता मारता तो हॉल बघत होतो. ती बटण दाबते. पट्टी भलतीकडे वळते. ती पुन्हा दाबते. कोणीतरी मागून खोकतं. सर चष्मा काढून पुसतात. ती कपाळावर हात ठेवते, पण हसत नाही. आणि मी विचार करत होतो की तेव्हा तिला 'मदत करायचे' ते कोण, याची आठवण होईल का.

गुरुवारी सही केली ती याच्यासाठी. होऊ दे तिचं चांगलं म्हणून नाही. सगळं काम तिचं, हे मी लिहून दिलं, कारण आता सगळं खापरही तिच्याच डोक्यावर फुटायला हवं होतं. आणि ती खालची ओळ मला कोणी मागितली नव्हती. ती ओळ लिहिताना पेन संपलं, तर मी समोरच्या दुकानातून दुसरं आणून ती पुरी केली. इतक्या शांतपणे मी आयुष्यात कधी काही केलं नसेल. तू म्हणतेस, बारक्या भडकतो पण मनात ठेवत नाही. ठेवतो, ताई. जमतं मला.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. कागद मिळाला म्हणून. तीन महिन्यांनी तिचा आवाज ऐकला.

म्हणाली, "अरे, तू किती चांगला आहेस रे. मला झोप लागत नव्हती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या दिवशी सरांसमोर मी घाबरले. दोनच नावं जाणार असं सर म्हणाले होते. मी तुला आधी सांगायला हवं होतं. ऐकतोयस ना? चिडलायस?"

"नाही."

"अठराला येशील? बाबा येणार आहेत. शिलाईचं दुकान बंद ठेवून. त्यांना मी सांगितलंय की हा शोध एका वेड्याच्या संगतीने लागला. तू पहिल्या रांगेत बस त्यांच्याशेजारी."

इथे मला खरं सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ती मला 'तू' म्हणत होती, ताई. मी म्हटलं, हे सांगितलं की हे 'तू' जाणार. अजून एक मिनिट ऐकू दे. मग ते मिनिट संपलं आणि मी म्हटलं, "छान. बघतो." फोन ठेवल्यावर मी माझ्यावरच इतका भडकलो की बादलीला लाथ मारली. अंगठा अजून काळानिळा आहे. (मलम लावलंय. आधीच सांगतो.)

तेव्हापासून सात दिवस झाले. रोज ठरवतो आणि रोज म्हणतो, का म्हणून? मला ज्या दिवशी खाली ढकललं त्या दिवशी कोण धावलं होतं? आणि मग तुझं पत्र आलं, मोठ्या मनाचं. तुझ्या वॉर्डात एकदा दोन पेशंटांच्या सलाइनच्या बाटल्या बदलल्या होत्या, तू सांगितलं होतंस. त्यातला एक पेशंट तुला रोज शिव्या द्यायचा. तू आधी त्याच्याच खाटेकडे पळालीस, मग डॉक्टरकडे, आणि मग मोरीत जाऊन रडलीस. मी काय केलं? मी तर बाटली बदललेली बघून खुर्ची ओढून बसलो.

इथे थांबतो. फोन करून येतो. आत्ता केला नाही तर हे पत्र पण मागच्या पत्रासारखंच होईल.

*

संध्याकाळचे सहा.

केला. जसं झालं तसं लिहितो.

मी म्हटलं, "रुसकी खोटी आहे. सप्लायचं लाल-काळं उलटं आहे. मीच उलटं जोडलं होतं." तिला आधी वाटलं मी चिडून काहीतरी बोलतोय. मी म्हटलं, "पान एकसष्ट काढ. बुडबुडे कुठे जास्त लिहिलेत बघ." वही तिने घरी आणली होती, पानं उलटल्याचा आवाज आला. मला तिचा श्वास ऐकू येत होता आणि मागे कुठेतरी शिलाईचं मशीन चाललेलं ऐकू येत होतं.

"तुला कधी कळलं?"

"एकोणीस दिवस झाले."

ती मनात मोजत असणार. मग तिने विचारलं, "सहीच्या आधी की नंतर?"

मला खोटं बोलता आलं असतं. एका शब्दाचा तर प्रश्न होता. मी म्हटलं, "आधी."

पलीकडे मशीन थांबलं. तिचे बाबा विचारत होते, "काय गं, काय झालं?" ती मला म्हणाली, "मला वाटलं होतं, तू तरी..." आणि फोन ठेवला.

तू तरी! ताई, तू तरी म्हणे! माझं नाव खाताना हे 'तरी' कुठे गेलं होतं? मी फोन हातात धरून खोलीत ओरडलो. शेजारच्याने भिंतीवर थापा मारल्या. मी त्यालाही ओरडलो. माझ्याशी दगा तिने केला, सरांसमोर मान खाली तिने घातली, आणि दुखावल्याचा आवाजही तिनेच काढायचा? मग मी काय काढायचं? चौदा महिने, एकशेबारा वेळा, आणि शेवटी मीच तिचा विश्वासघातकी!

अर्ध्या तासाने मी खाली बसलो. आणि मला कळलं की ती खोटं बोलली नव्हती. तिने केलं ते घाबरून केलं. मी केलं ते न घाबरता केलं. यामुळे तिचं केलेलं माफ होत नाही, कोणी मला तसं पटवायला येऊ नये, भाऊजींनीसुद्धा नाही. तिने मला फसवलं. मीही तिला फसवलं. दोन्हीची वजाबाकी होत नाही, मी करून पाहिली.

पाच वाजता तिचा मेसेज आला. वर नाव नाही, खाली नाव नाही. 'उद्या अकरा वाजता लॅब उघडी आहे. सर असतील. मी त्यांना सांगितलंय.' म्हणजे तिने लपवलं नाही. तीन दिवस ती गप्प राहू शकली असती, हॉलमध्येही आपला सप्लाय घेऊन जाऊ शकली असती. माझ्या मनात हे आलं, तिच्या आलं नाही. किंवा आलं आणि तिने केलं नाही.

मी जातोय. मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "मागे गेलास तर मीटर घेऊन जा, तोंड घेऊन जाऊ नकोस." आपला मीटर दिला त्याने, त्याला कोणी हात लावलेला चालत नाही तो. उद्या सरांसमोर ते मागचं झाकण मीच उघडणार आणि कोणती तार कुठे आहे ते दाखवणार. छापलेला निबंध मागे घ्यावा लागेल. तिचं वर्ष जाईल, कदाचित दोन. अठराला ती उभी राहणार नाही, तिच्या बाबांनी बंद ठेवायचं दुकान उघडंच राहील. ज्या शोधासाठी मी भिंतीवर पेपरवेट फेकला त्याच्यावर उद्या माझंच नाव लागणार आहे, चूक म्हणून.

ती माझ्याकडे बघणार नाही, हे मला माहीत आहे. मी तरी कुठे बघणार आहे? पण मी दाढी केली, ताई. शर्टाला इस्त्री केली. कशासाठी, ते मलाच विचारू नकोस.

हे पत्रही भाऊजींना मोठ्याने वाचून दाखव. गाळू नकोस काही. आईला आधी जेवू दे, मग वाच.

तुझा, आणि काही केल्या अजून तिचाही,
बारक्या